नकाशावरचे काळे घर

प्रयोगशाळेच्या दोन खोल्यांमध्ये विटांची जाड भिंत होती. भिंतीपलीकडे प्राध्यापक यशवंत डोईफोडे खुर्चीत बसून केळे खात होते आणि अलीकडे उत्तरा बिडवे इंटरनेटच्या पेटीला जोडलेल्या पडद्यावरची एक निळी रेघ पाहत होती. रेघ संथपणे चढत होती, उतरत होती. डोईफोडे उठून खिडकीशी गेले तशी ती विस्कटली. ते परत येऊन बसले आणि रेघ पुन्हा पहिल्या लयीत आली.

उत्तराने मधले दार उघडून त्यांना हाक मारली.

"सर, या पेटीचं वायफाय मी स्वतः बंद केलंय," ती म्हणाली. "घरच्यासारखीच मोडेम मोडवर टाकलीय तिला. तारेतून आलेलं इंटरनेट ती माझ्या मेश राउटरला देते, बाकी काही करत नाही. मग तुमचा श्वास मला इथे कसा दिसतो?"

डोईफोडे रुमालाला हात पुसत आत आले. नाशिकच्या या अभियांत्रिकी महाविद्यालयात दोघेही रेडिओलहरी शिकवत. ते निवृत्तीला आले होते, ती चाळिशीत होती.

"तू तिचं तोंड बंद केलंस," ते म्हणाले. "कान उघडेच आहेत."

"पण मोडेम मोडमध्ये—"

"ऐक. घरात वायफायच्या लहरी भरलेल्या असतात. त्या भिंतीवर आपटतात, कपाटावर आपटतात, माणसावरही आपटतात. कपाट श्वास घेत नाही, माणूस घेतो. छाती जराशी हलली की परतणारी लहर बदलते. ऐकणाऱ्याला तेवढं पुरतं. पेटी स्वतः बोलत असते तेव्हा तिला नीट ऐकू येत नाही, स्वतःच्याच आवाजाने कान बधिर होतात. तू तिला गप्प केलंस, वर घरभर वायफाय पसरवणारे तीन दमदार मेश राउटर मांडलेस. दिवे तू लावलेस, उत्तरा. ती आता अंधारात बसून निवांत बघते."

उत्तराने पेटीकडे पाहिले. 'गगनजाल' कंपनीची ती पांढरी, साबणाच्या डबीसारखी पेटी महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक घरात होती. ती लोकांचा वावर टिपते हे कुणापासून लपलेले नव्हते. कंपनी त्याची जाहिरातच करत असे. प्रत्येक माणसाची चाल आणि श्वासाची लय मिळून त्याचा एक 'श्वासठसा' तयार होतो आणि दोन माणसांचा ठसा सारखा नसतो. विस्मरण झालेले म्हातारे वाट चुकले की घरच्यांनी 'परतवाट' सेवेकडे अर्ज करायचा. मग राज्यातली प्रत्येक पेटी तो ठसा आपल्या घरात शोधते. कितीतरी आजीआजोबा असे सुखरूप परत आले होते.

ज्याला हे नको असेल त्याने पेटी मोडेम मोडवर टाकून स्वतःचा राउटर लावावा, असे कंपनीच सांगत असे. उत्तराने तेच केले होते.

"तू हे एवढं का विचारतेस?" डोईफोड्यांनी विचारले.

उत्तराने दार लावून घेतले आणि सांगून टाकले.

तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी शाल्मली लातूरहून पळून तिच्याकडे आली होती. पळून तरी कसे म्हणावे? आईनेच तिला बसमध्ये बसवून दिले होते; उत्तराचा नाशिकचा पत्ता आईखेरीज त्या घरात कुणाला माहीत नव्हता. शाल्मली सज्ञान होती, नोकरी करत होती. तिने ज्याच्याशी लग्न ठरवले होते, त्याचे आडनाव ऐकून तिचे काका दिगंबरराव जेवणाच्या ताटावरून उठले होते. नंतर ते शांतपणे एवढेच म्हणाले होते, "पोरगी मेली असं समजू. पण आधी मरू द्या." शाल्मलीचे वडील आता नव्हते, घरात शब्द काकांचा चाले. नोंदणी विवाहाची नोटीस लागली होती आणि त्यानंतर महिनाभर थांबणे भाग होते. तो महिना कुठेतरी निघायला हवा होता.

"आणि काकांनी 'परतवाट'कडे अर्ज केलाय," उत्तरा म्हणाली. "पुतणी मनाने आजारी आहे, म्हणून लिहिलंय. तिच्या लहानपणापासून त्यांच्या घरात पेटी आहे. तिचा ठसा कंपनीकडे आहेच."

डोईफोड्यांनी पेटी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, "पेटी उपटून फेकून दे, असं मी म्हणणार नाही."

"ते मलाही सुचलं होतं. पण शेजारी दोन्हीकडे पेट्या आहेत, राउटर आहेत. माझे दिवे विझले की त्यांचा उजेड माझ्या घरात शिरेल."

"बरोबर. म्हणून दिवे ठेव, पण ते थरथरव. तुझे राउटर तुझ्या ताब्यात आहेत. लहरींची ताकद आणि वळण क्षणाक्षणाला वाटेल तसं बदलत राहू दे. दिवाच फडफडत असेल तर भिंतीवरची सावली कशाने हलली, हे बघणाऱ्याला कळणार नाही. तुझा उजेड जवळचा, त्यात शेजाऱ्यांचा बुडून जाईल."

दोघांनी बसून ती प्रणाली लिहिली. डोईफोड्यांनी तिला 'तरंगधुके' असे नाव दिले. पेटीसमोर ती चालवली तेव्हा पडद्यावरच्या रेघेचा नुसता गिचमिडा झाला. डोईफोडे खोलीभर फिरले, दोरीवरच्या उड्या मारल्यासारखे नाचलेही. गिचमिडा तसाच राहिला. उत्तरा कित्येक दिवसांनी हसली.

घरी धुके सुरू झाले आणि शाल्मली माणसात आली. तोवर ती पलंगाच्या कडेला अंग चोरून बसे, जणू कमी हलले तर कमी दिसू. आता ती स्वयंपाकघरात वावरू लागली, शेंगदाण्याची चटणी कुटू लागली, मावशीच्या आमटीला नावे ठेवू लागली.

"मावशी, तुझ्या आमटीत गूळ का असतो गं? लातुरात अशी आमटी वाढली तर पाव्हणं उठून जातील."

"मग जाऊ देत की."

महिना सरत आला. 'परतवाट'कडून काहीच हालचाल नव्हती. एकदा शाल्मलीने आईला शेजारच्या काकूंच्या फोनवरून फोन लावला. आई हळूच म्हणाली, "काका रोज मोबाईलमध्ये नकाशा बघत बसतेत. काय बघतेत कळंना." उत्तराला वाटले, बघू देत. बघून बघून थकतील.

लग्नाला दोन दिवस असताना सकाळी दारावर गगनजालचा माणूस आला. पन्नाशीचे, घामाने ओले झालेले, अदबीने बोलणारे गृहस्थ. गळ्यातल्या ओळखपत्रावर 'पगारे' असे नाव होते. उत्तराने शाल्मलीला आतल्या खोलीत जायची खूण केली आणि दार उघडले.

"मॅडम, पेटी तपासायची होती. वाचन येत नाही."

"मोडेम मोडवर आहे ती."

"ते चालतं हो. मोडेम मोडवरची पेटी तर उलट छान वाचन देते." पगाऱ्यांनी पेटीला यंत्र जोडले, मान हलवली. "पेटी ठणठणीत आहे. मग असं का?"

"असं म्हणजे कसं?"

त्यांनी आपला टॅब तिच्यासमोर धरला. नाशिकचा नकाशा होता. त्यावर हिरव्या ठिपक्यांचा सडा पडला होता, मधूनमधून राखाडी ठिपके होते.

"हिरवी म्हणजे बघून झालेली घरं. राखाडी म्हणजे कुलूप लावलेली, माणूस नसलेली. आणि हे तुमचं." त्यांनी बोट ठेवले. ठिपका काळा होता. "आत कोणी नाही असंही नाही, आणि कोण आहे हे दिसत नाही. असं अख्ख्या राज्यात एकच घर आहे, मॅडम. साहेब म्हणाले, जाऊन बघून ये."

उत्तराने टॅबवरून नजर हटवली नाही. "कशाचा शोध चाललाय हा?"

"लातूरकडची कोणी मुलगी आहे म्हणे. पण शोध चाललाय कुठे, काल संपला की. सगळी घरं बघून झाली, ती कुठेच नाही." पगारे टॅब पिशवीत ठेवू लागले. "अर्जदाराला तसं कळवलंय. हा नकाशा त्यांनाही दिसतो ना. अर्ज चालूच असतो, पुढेही व्यक्ती सापडली तर सोबत कोण आहे त्यासह त्याच क्षणी त्यांच्या मोबाईलवर येते. सगळं कंपनीकडे कायमचं नोंदलेलं राहतं, त्यामुळे काही घोळ व्हायचा प्रश्न नाही."

ते निघून गेले. उत्तरा दाराला टेकून उभी राहिली. तिने मुलीला झाकले होते, आणि त्या झाकण्यानेच घरावर बोट ठेवले गेले होते. सगळी दारे उघडी असलेल्या गावात एकच दार बंद असेल, तर चोराला ठोठावत फिरावे लागत नाही.

तिने पोलिसांना फोन केला, मग डोईफोड्यांना. "मी ठाण्यात जाऊन त्यांना घेऊनच येतो," ते म्हणाले. "दार उघडू नकोस."

खिडकीपाशी उभी असलेली शाल्मली म्हणाली, "मावशी, लातूरची गाडी आलीय."

खाली एमएच चोवीसची पांढरी गाडी फाटकात आडवी उभी होती. दिगंबरराव आणि त्यांचा मेहुणा उतरून वर बघत होते. मेहुण्याच्या हातात पहार होती. घराचे दार तिच्यापुढे किती वेळ टिकेल, याचा अंदाज उत्तराला होता.

शाल्मलीचा आवाज स्थिर होता. "मावशी, धुकं बंद कर."

"वेडी झालीस? लगेच दिसशील तू."

"ते आलेत, मावशी. आता त्यांच्यापासून लपून काय होणार? ते आल्यावर इथे जे होईल ते मात्र काळ्या ठिपक्यात होईल. कुणालाच दिसणार नाही."

उत्तराने लॅपटॉप उघडला. मग तिने धुके बंद केले. तिन्ही राउटरचे दिवे फडफडायचे थांबून एकसारखे तेवू लागले. जिन्यात पावले वाजली. पहिला दणका बसायच्या आत उत्तराने स्वतःच दार उघडले आणि उंबरठ्यावर उभी राहिली.

"कुठंय पोरगी?" दिगंबररावांनी विचारले. आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडत नसे. त्याच वेळी त्यांच्या खिशातला मोबाईल किणकिणला.

"बघा तो," उत्तरा म्हणाली. "तुम्हाला हवं ते आलंय त्यावर. शाल्मली सापडली. आत उभी आहे."

मेहुणा पुढे सरसावला. दिगंबररावांनी मोबाईल काढला. उत्तराने बोटाने पडद्याकडे खूण केली.

"पण नीट बघा, दिगंबरराव. तिच्या शेजारी माझाही ठसा आहे. दाराशी दोन आहेत, ते तुमचे. तुमच्याही घरात पेटी आहे, ती तुम्हाला चांगली ओळखते. या घरात आत्ता चौघांचा श्वास चालू आहे, आणि तो कंपनीकडे कायमचा नोंदला जातोय. चाराचे तीन झाले, तर ते कधी झाले आणि तेव्हा कोण कुठे उभं होतं, हेही नोंदलं जाईल. ते पुसणं तुमच्या हातात नाही आणि माझ्याही नाही."

मेहुण्याने पहार जराशी खाली केली आणि त्यांच्याकडे पाहिले. दिगंबरराव मात्र मोबाईलकडेच बघत होते. पडद्यावर त्यांच्या नावासमोर एक बारीक रेघ चढत होती, उतरत होती. इतके दिवस त्या नकाशात त्यांनी दुसऱ्यालाच शोधले होते. खालून पोलिसांच्या जीपचा आवाज आला, तरी त्यांनी मान वर केली नाही.

नकळत त्यांनी श्वास रोखून धरला.