कॅरमवरची गल्ली

भोरच्या मोजणी कार्यालयात मी एकतीस वर्षं भूकरमापक होतो. या काळात भोर आणि वेल्हे तालुक्यांतले इतके बांध मोजले, की अजूनही लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसलेला माणूस आपलं पान जरा आत ओढून घेतो. बांध स्वतःहून सरकत नाही, त्याला माणूस सरकवतो, हे माझं नोकरीत कमावलेलं एकमेव तत्त्वज्ञान. गेल्या दिवाळीपर्यंत ते शाबूत होतं.

दिवाळीच्या आठवडाभर आधी उत्रोलीहून सर्जेरावांचा फोन आला. सर्जेराव लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या भातखाचराच्या मोजणीत आमची ओळख झाली आणि हद्द कायम झाली तरी ओळख राहिली.

"सोमनाथराव, टेप घेऊन या. गल्ली बसंना झालीय."

"कुठं बसेना?"

"कॅरमवर."

माणूस साठीच्या पुढं गेला की काही प्रश्न फोनवर विचारू नयेत. मी टेप घेऊन गेलो.

पडवीत नव्या भाताची पोती रचली होती. त्यांच्यासमोर दोन बुटक्या स्टुलांवर एक जुना कॅरमबोर्ड ठेवला होता आणि त्यावर एका शहराची गल्ली उभी होती. पडकी दुकानं, अर्धी ओढलेली शटरं, विजेच्या तारांचा गुंता, वाळूच्या पोत्यांमागं बसलेले हिरवे जवान आणि मध्ये एक चिलखती गाडी.

आमच्या भागात दिवाळीत घरोघर मातीचा किल्ला करतात. त्या आठवड्यात उत्रोलीत निदान चौदा राजगड आणि नऊ तोरणे उभे होते. तरुण मंडळाची किल्ल्यांची स्पर्धा होती आणि सर्जेरावांनी त्यात ही गल्ली उतरवायची ठरवलं होतं.

"समदे किल्लेच करत्यात," ते म्हणाले. "पर म्या नोकरी केली ती किल्ल्यावर न्हाई, गल्लीत केली. बघू द्या की लोकास्नी, आजकालचा जवान कुठं उभा ऱ्हातो त्ये."

लीलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, एकच अट घातली होती: बाजारातून काही आणायचं नाही. अपवाद म्हणून आठवडी बाजारातली प्लॅस्टिकच्या सैनिकांची एक पिशवी मंजूर झाली. बाकी सगळं घरातलंच. भिंती म्हणजे सर्जेरावांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचे खोके, त्यावर चुना. शटरं म्हणजे थंड पेयाच्या डब्याचा पत्रा, कंगव्यावर दाबून रेघा उठवलेला. रस्त्यावरची धूळ म्हणजे उकळून वाळवलेली चहापूड. काटेरी तार भांड्यांच्या घासणीतून उसवलेली. धुराचे डाग बुटाच्या पॉलिशचे. चिलखती गाडी पूर्वी साबणाची डबी होती आणि तिची तोफ म्हणजे बॉलपेन. वाळूची पोती मात्र कणकेची होती. त्यांच्यावर रोज मुंग्यांचा हल्ला व्हायचा आणि सर्जेराव बोरिक पावडर घेऊन ठाणं राखायचे.

"शेजारच्या बाया फराळ करत्यात," लीलाबाई म्हणाल्या, "आन् आमच्यात कणीक मळली की निम्मी सीमेवर जाती. भाऊजी, तुमी तरी सांगा ह्यास्नी."

मी काही सांगितलं नाही, कारण काम चांगलं होतं. मी मोजायला बसलो. पस्तिसास एक असं प्रमाण. कॅरमची आतली लांबी, चौकटीपासून चौकटीपर्यंत, चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. सर्जेरावांच्या पहाऱ्याच्या जागेपासून कोपऱ्यापर्यंत अठ्ठावीस पावलं, म्हणजे एकवीस मीटर आणि थोडं. कॅरमवर एकसष्ट सेंटिमीटर. पुढं उरलेल्या तेरात गल्ली डावीकडं वळून थर्माकोलच्या भिंतीला टेकली. सगळं बसलं. वहीत आकडे लिहिले, खाली तारीख घातली.

"भिंतीच्या पलीकडं काय होतं?" मी विचारलं.

सर्जेरावांनी पॉलिशची डबी बंद केली.

"त्येच तर म्हाईत न्हाई. आमच्या तुकडीत दत्ता व्हता, हिर्डोशीचा. रोज सकाळी कोपऱ्यापल्याडच्या बेकरीतनं पाव आणायचा. गरम पाव. एक दिवस साडेआठला गेला. म्या पाठमोरा बघत व्हतो, अठ्ठावीस पावलं चालला आन् डावीकडं वळला. पाच मिंटांनी आमी मागनं गेलो, तर वळणाम्होरं भिंत. बेकरी न्हाई, दार न्हाई, खिडकी न्हाई. समदी गल्ली धुंडाळली. लोकं म्हणाली, हितं बेकरी कवाच नव्हती."

"आणि आधी आणलेले पाव?"

"आमी अकरा जणांनी आठ म्हैने खाल्लं की ओ."

तेवीस वर्षं झाली होती. कागदावर दत्ता बेपत्ता होता. त्याची बायको, कमळाबाई, दर भाऊबीजेला हिर्डोशीहून खाली येऊन सर्जेरावांना ओवाळायची आणि दर वर्षी एकच विचारायची: गल्ली कशी होती? सर्जेरावांना बोलून सांगता येत नव्हतं. म्हणून हा सगळा खटाटोप. स्पर्धा हे लीलाबाईंना सांगायचं कारण होतं.

दोन दिवसांनी मी तारांचे खांब लावायला गेलो आणि सवयीनं टेप टाकला. चौसष्ट.

"कोपरा सरकवला तुम्ही," मी म्हणालो.

"म्या हात लावला न्हाई."

असं मला एकतीस वर्षांत किमान दोन हजार शेतकऱ्यांनी सांगितलं होतं. मी नेहमीसारखा हसलो. सर्जेरावांना हसणं आवडलं नाही. लीलाबाईंनी आतून निकाल दिला, "उंदरं असतील."

पुढच्या खेपेला सत्तर भरले. कोपरा जागच्या जागी होता, त्याखाली मी पेन्सिलीनं केलेली खूणही होती. भिंतही जागेवर. तरी पहाऱ्याच्या जागेपासून कोपऱ्यापर्यंत सत्तर. मी टेपला दोष दिला. लीलाबाईंचा शिवणकामाचा टेप घेतला, त्यानंही सत्तरच दाखवले. मग दोरा लावला आणि तो पट्टीवर मोजला, तरी सत्तर.

नरकचतुर्दशीला सकाळी अकरा वाजता, लख्ख उन्हात, चौऱ्याहत्तर सेंटिमीटरच्या कॅरमवर सरळ रेषेत सत्त्याहत्तर सेंटिमीटरचा रस्ता भरला. मी तीन वेळा मोजलं. मग स्टुलावर बसून पाणी प्यायलो. खात्यात असतो तर हा नकाशा कुणाच्या सहीला पाठवला असता, हेच माझ्या डोक्यात घोळत होतं.

"काय झालं?" सर्जेरावांनी विचारलं.

"बांध सरकलाय," मी म्हणालो. "आणि शेजारी कुणी नाहीये."

तेवढ्यात लीलाबाई झारा घेऊन बाहेर आल्या. नाक वर करून त्यांनी पडवीभर वास घेतला.

"म्या चकल्या तळतीय," त्या म्हणाल्या, "मग पाव भाजल्याचा वास कुठनं येतोय?"



पाडव्याला परीक्षण झालं. मंडळाचा अध्यक्ष इंद्रजित पांढरा शर्ट घालून, हातात कागद घेऊन आला. त्यानं गल्ली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली.

"आबा, महाराज कुठं बसवलेत?"

"महाराज न्हाईत. कर्फ्यू लागलाय."

"आणि बुरूज?"

"ही औषधाची दुकानं हायत, बुरूज कुठनं आणू?"

इंद्रजितनं कागदावर काहीतरी खोडलं. तरी पोरगा मनानं चांगला. फोटो तर काढू, म्हणून तो पडवीत चक्क पोटावर झोपला, मोबाईल गल्लीच्या तोंडाशी नेला आणि फोटो काढला. मग दोन बोटांनी फोटो मोठा करून बघत राहिला. बराच वेळ.

"आबा, कोपऱ्यापल्याड लाईट लावलीय का?"

"न्हाई."

"आतनं वायर? सेल?"

"काय बी न्हाई."

इंद्रजित उठला. पांढऱ्या शर्टाला लागलेली भाताची कुसं त्यानं झटकली नाहीत. कागदावर 'उत्तेजनार्थ' लिहून त्यानं सही केली आणि चकली न खाताच निघून गेला. लीलाबाईंना बक्षिसाचं नाही, चकलीचं वाईट वाटलं.

भाऊबीजेला कमळाबाई आल्या. हिर्डोशीहून फाट्यापर्यंत चालत, तिथून एसटीनं. बारीक चणीच्या, पन्नाशीच्या आत-बाहेरच्या, पिशवीत नाचणीचं पीठ. कपाळावर कुंकू होतं. ते त्यांनी पुसलं नाही आणि गावानंही कधी पुसायला सांगितलं नाही, एवढं मला माहीत होतं.

त्यांनी सर्जेरावांना ओवाळलं. मग सर्जेराव त्यांना कॅरमजवळ घेऊन आले.

कमळाबाई खाली बसल्या. स्टुलं बुटकी होती, त्यांचे डोळे बरोबर गल्लीच्या उंचीला आले. त्या बघत राहिल्या.

"हितनं गेलं?"

"व्हय ताई."

"पळत?"

"न्हाई. रमतगमत. शीळ घालत व्हता."

"मग बरं," त्या म्हणाल्या. "पळत गेलं असतं तर काळजी."

लीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मी वहीची पानं उलटत होतो, उगीच.

कमळाबाई पुढं वाकल्या. गल्लीच्या तोंडाशी तोंड नेलं आणि परसातल्या माणसाला हाक मारावी तशा सहज आवाजात बोलल्या.

"अवो. पाव ऱ्हाऊ द्या. नुसतं या."

काही झालं नाही. कोंबडी ओरडली. रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

मग त्या माझ्याकडं वळल्या. "भाऊ, तुमी सरकारी माणूस. हितनं कोपऱ्यापल्याड किती हाय, मोजा की."

मी सांगणार होतो की पलीकडं भिंत आहे आणि भिंतीपलीकडं कॅरमची चौकट. पण त्याऐवजी पोलादी टेपचं टोक गल्लीत सरकवलं. जवानांच्या मधून, चिलखती गाडीच्या शेजारून ते कोपऱ्यापर्यंत गेलं. तिथं अडायला हवं होतं. ते डावीकडं वळलं.

एक मीटर.

सर्जेराव कॅरमच्या मागं जाऊन उभे राहिले. "हितं काय बी न्हाई आलं," ते म्हणाले.

दोन मीटर. मी ढकलत नव्हतो. टेप हातातून जात होता.

तीन.

मग थांबला.

मोजणीत टेपला दोन माणसं लागतात. पलीकडच्यानं टोक खुणेवर नीट धरलं की तो दोन हलके झटके देतो. त्याचा अर्थ, धरलंय, वाचा.

टेपला दोन झटके बसले.

एकतीस वर्षांची सवय. माझ्या तोंडून आकडा निघून गेला. "तीन मीटर बेचाळीस."

"म्हंजी किती?"

"प्रमाणानं... एकशे वीस मीटर."

"लांब न्हाई," कमळाबाई म्हणाल्या. "येतील चालत."

टेप सैल पडला. मी तो गुंडाळून घेतला. टोक कोमट होतं.

त्याच दुपारी त्या कॅरम घेऊन गेल्या. मी ज्याची एक बाजू एका हातानं उचलत असे, त्याला टेम्पोत चढवायला चार माणसं लागली. लीलाबाईंनी सोबत चकल्यांचा डबा दिला, न मागता, मोठा.

  महिन्याभरानं एका रविवारी सर्जेराव म्हणाले, "ताईकडं जाऊन यावं म्हणतो." मी टेप खिशात घातला.

हिर्डोशीच्या फाट्यावर उतरून आम्ही चाललो. कापलेली खाचरं, पेंढ्यांच्या गंजी, वर वरंध्याच्या अंगानं डोंगर. कमळाबाईंचं घर वाडीच्या शेवटाला, एकटं. अंगणात कॅरम पडला होता, अगदी बेवारशासारखा. कोंबड्यांनी कणकेची पोती खाल्ली होती आणि एक कोंबडी रस्त्यावरची चहापूड उकरत होती. औषधाचं दुकान आडवं झालं होतं. सर्जेरावांच्या तोंडून लष्करी शब्द निघाला.

मी आधी टेप काढला. पहाऱ्याची जागा ते कोपरा, एकसष्ट. पुन्हा टाकला, एकसष्ट. कोपऱ्यापुढं थर्माकोल, बोटानं दाबून पाहिला, घट्ट. कॅरम एका बाजूनं उचलून पाहिला, सहज उचलला. मला इतका आनंद झाला, की मी कोंबडीला हाकललंसुद्धा नाही.

"ताई!" सर्जेरावांनी कवायतीच्या आवाजात हाक मारली. "ओ कमळाताई! ह्ये काय केलंसा माज्या गल्लीचं?"

कमळाबाई लगबगीनं बाहेर आल्या. अंगावर नवं लुगडं होतं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, पायऱ्या उतरून थेट आमच्याजवळ आल्या आणि कुजबुजल्या.

"हळू बोला, भाऊ. आत्ताच डोळा लागलाय."

कुणाचा, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही. सर्जेरावांनी नुसती मान हलवली. मग त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. ते बघून मीही काढल्या.

"च्या ठिवला असता," कमळाबाई तशाच हळू आवाजात म्हणाल्या, "पर भांड्याचा आवाज हुईल."

"असू दे, ताई. पुन्यांदा येऊ."

आम्ही तिघं अंगणात उभे होतो. सर्जेराव, मी आणि कमळाबाई. समोर घराचं दार उघडं होतं. ते हळूच लोटलं गेलं, आवाज होऊ नये म्हणून कुणीतरी काळजीपूर्वक लोटावं तसं, आणि मग आतून कडी लागली.