तीनच्या आत

रिकामी चाकाची खुर्ची ढकलत एक धट्टाकट्टा माणूस भर रस्त्यातून पळत येतोय म्हटल्यावर रुग्णालयाच्या फाटकावरचा पहारेकरी चक्रावलाच.

"अहो, पेशंट कुठाय?"

"मीच!" असं ओरडून तो गडी थांबलाच नाही. खुर्चीसकट थेट खरेदी विभागाच्या दारात येऊन थडकला.

आत ती बसली होती. रुग्णालयाला लागणारी चादरीपासून खुर्चीपर्यंत सगळी खरेदी तिच्या टेबलावरून जायची. तिला सगळे 'ठोकाबाई' म्हणत. तीनचा ठोका पडला की निविदांच्या पेटीला ती कुलूप घाली, मग दारात साक्षात ब्रह्मदेव का उभा असेना!

"टेम्पो बंद पडला हो..." तो धापा टाकत म्हणाला. "नमुन्याची खुर्ची ढकलत आणलीय. हा लिफाफा तेवढा—"

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. तीन वाजून दोन मिनिटं.

"दोन मिनिटांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

"नाही कोसळणार. पण उद्या दुसरा पाच मिनिटं मागेल आणि परवा तिसरा दहा."

तो मटकन त्याच खुर्चीत बसला. केस कपाळाला चिकटलेले, कानाशी वंगणाचा काळा डाग. तिला हसू आवरेना.

"आता मात्र पेशंट शोभताय."

तोही हसला. आणि हसताना खुर्ची मागेपुढे झाली, तरी तिचा आवाज म्हणून आला नाही. बाहेर व्हरांड्यातल्या जुन्या खुर्च्या दिवसभर कुईं कुईं करून डोकं उठवायच्या. हे मात्र तिनं मनात टिपून ठेवलं. फक्त खुर्चीबद्दलच टिपलं, असं ती स्वतःला दोन दिवस बजावत होती.

नशीब बघा, त्या खेपेला पेटीत एकच लिफाफा निघाला. एकट्या घोड्याची शर्यत कशी लावणार? फेरनिविदा काढायची ठरली, पुढच्या महिन्यात. आणि खुर्चीवाल्याच्या खेपा सुरू झाल्या.

आज नोंदणीचे कागद, उद्या त्यावरचा शिक्का. पान सात नेमकं घरीच राहायचं.

"परवा सही विसरलात, काल तारीख. आज पान सात," ती कागद परत सरकवत म्हणाली. "खुर्च्यांना चाकं तरी लावता ना आठवणीनं?"

"चाकं आठवतात. पानं मुद्दाम विसरतो."

"का?"

"उद्या यायला कारण नको?"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शिपाईमामा दारात उभे राहून उगाचच खोकले.

पुरवठादाराचा चहा घ्यायचा नाही, हा नियम. म्हणून टपरीवरच्या बाकाच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो, आणि ज्याचा चहा त्यानं घ्यायचा. मध्ये एवढी जागा, की तिसरा माणूस येऊन बसावा! गप्पा मात्र त्या जागेला जुमानत नव्हत्या. त्याच्या वडिलांचा उजवा हात हल्ली थरथरायचा. कारखान्यात सात कारागीर, जुनी गिऱ्हाइकं एकेक करून सुटलेली. हे तीन वर्षांचं काम मिळालं तर ठीक, नाहीतर दाराला कुलूप. तिचे बाबा याच रुग्णालयात भांडारपाल होते. ते गेल्यावर त्यांच्या जागेवर ती लागली. घरी आई, गुडघ्यांनी आणि श्वासानं बेजार. पगाराखेरीज दुसरा आधार नव्हता.

"तुम्ही डावखुऱ्या," एकदा तो तिच्या कपाकडे बघत म्हणाला.

"मग?"

"इथल्या जुन्या खुर्च्यांचा ब्रेक उजव्या बाजूलाच आहे. डावखुऱ्या माणसानं काय करायचं?"

"निविदेबद्दलचे प्रश्न लेखी विचारावेत," ती ठसक्यात म्हणाली.

पठ्ठ्यानं खरंच लेखी विचारलं! 'ब्रेक दोन्ही बाजूंना दिल्यास चालेल का?' एकाच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना कळलं पाहिजे, म्हणून साहेबांच्या सहीनं ते फलकावर लागलं : 'हरकत नाही.' चार पुरवठादारांनी ते वाचलं. त्यातलं अर्धं फक्त तिला कळलं. त्या दिवशी ती तीनदा फलकासमोरून गेली.

निविदेला चार दिवस उरले तेव्हा तो बाकाच्या मध्यापर्यंत सरकला.

"एक विचारू? लेखी नाही... तोंडी."

"विचारा."

"तुमच्या आईंना भेटायला आलो तर... चालेल? म्हणजे... मागणी घालायला."

गेले कित्येक दिवस ती याच प्रश्नाची वाट बघत होती आणि याच प्रश्नाला भीत होती. पटकन 'हो' म्हणून मोकळं व्हावं असं तिला वाटलं. तिनं पिशवीतून निविदेचा कागद काढला.

"कलम अकरा वाचलंत?"

"कोण वाचतं हो शेवटची पानं?"

"वाचा."

तो वाचू लागला. ओठावरचं हसू हळूहळू विरत गेलं. 'या रुग्णालयातील कोणत्याही कर्मचाऱ्याशी माझे नाते नाही व कराराच्या मुदतीत जोडले जाणार नाही.' खाली सहीची जागा.

"तीन वर्षं थांबू," तो म्हणाला.

"तीन वर्षांनी परत हीच निविदा. परत हेच कलम."

"मग... कुणाला कळतंय?"

"मला कळतं ना. बाबांच्या खुर्चीवर बसते मी."

नोकरी सोडा असं तो म्हणाला नाही. कारखाना बंद करा असं तीही म्हणाली नाही. इकडे आड, तिकडे विहीर. चहा निवून त्यावर साय आली.

"तीनच्या आत या," शेवटी तीच म्हणाली. "उशीर करू नका."

निविदेच्या दिवशी सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तो यावा असं वाटे. लगेच वाटे, येऊच नये, टेम्पो बंद पडावा, त्याला दोनच मिनिटं उशीर व्हावा. मग त्याचे वडील डोळ्यांसमोर येत, न पाहिलेले, थरथरत्या हाताचे. स्वतःची लाज वाटून ती पुन्हा घड्याळाकडे बघे.

तीनला चार मिनिटं असताना तो आला. हातात लिफाफा. उंबऱ्यातच थांबला.

"आत या ना."

"इथंच उभा राहिलो तर? चार मिनिटं फक्त..."

तो थट्टा करत नव्हता. शिपाईमामा खिडकीबाहेर बघू लागले. काटा सरकला. तीन मिनिटं. दोन.

"तू सांग," तो हळूच म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच 'तू'. "टाकू?"

तिला ओरडून सांगावंसं वाटलं, नको टाकूस रे! सात घरांच्या चुली तिच्या जिभेवर येऊन बसल्या.

"टाका," ती म्हणाली.

लिफाफा पेटीत पडला. तीनचा ठोका झाला. कुलूप लावताना तिच्या हातून किल्ली दोनदा निसटली.

साडेतीनला सगळ्यांसमोर लिफाफे उघडले. प्रत्येकाचं प्रतिज्ञापत्र मोठ्यानं वाचायचं, हे काम तिचंच. त्याचं तिसरं होतं. तो समोरच्या रांगेत, मान खाली घालून.

"या रुग्णालयातील कोणत्याही कर्मचाऱ्याशी..." तिनं कागद चेहऱ्याजवळ धरला.

"ऐकू येत नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

तिनं घोटभर पाणी घेतलं आणि पुन्हा सुरुवात केली. "...माझे नाते नाही, व कराराच्या मुदतीत जोडले जाणार नाही. खाली सही आहे." सही नीट, ठळक, तारखेसकट. या वेळी तो काही विसरला नव्हता.

काम त्याला मिळालं. साहेब म्हणाले, दरही रास्त आणि खुर्चीही उत्तम. नंतर तो स्वतः कधी आला नाही, माल घेऊन कारागीर यायचे. टपरीच्या बाकावर ती आता टोकाला बसत नाही, कारण ती तिथं जातच नाही.

पावसाळा संपता संपता आईची धाप वाढली. फाटकातून तपासणीच्या खोलीपर्यंत तिनं आईला नव्या खुर्चीतून नेलं. सबंध व्हरांड्यात चाकाचा जराही आवाज नाही. कुईं कुईं झालं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. दाराशी तिचा डावा हात आपसूक खाली गेला आणि ब्रेक बरोबर हाताला लागला.

"किती गं जीव लावून केलीय," आई म्हणाली. "तुझ्या ओळखीचा आहे का कोणी, करणारा?"

ती आईच्या मागे उभी होती, म्हणून आईला तिचे डोळे दिसले नाहीत.

"नाही गं आई," ती म्हणाली. "काही नातं नाही."

आणि ब्रेकवरचा हात तिनं बराच वेळ काढला नाही.