चंद्रावरची नाचणी आणि ‘पोहोचले’

“ज्या घरापर्यंत आपल्याला जाताच येत नाही, त्याचं कुलूप इथं बसून कसं बदलायचं?” आजोबांनी कोडं घातलं आणि चहात खारी बुडवली.

मेदिनीला कोड्यात रस नव्हता. तिचा जीव टांगणीला लागला होता तो नऊ रोपांसाठी. देवरुखच्या तिच्या शाळेची नाचणी चंद्रावरच्या एका काचपेटीत वाढत होती. तिला वेळेवर पाणी आणि उजेड द्यायचा तो तिथला सर्व्हर (कायम चालू राहून दुरून आलेले हुकूम पाळणारा संगणक). शाळेनं त्याच्यासाठी चांद्रतळावर भाड्यानं जागा घेतली होती. पण त्याची कार्यप्रणाली (संगणकाची सगळी कामं वाटून देणारा मुख्य प्रोग्रॅम) जुनी झाली होती. महिनाअखेरपासून तिच्यातल्या फटी कुणी बुजवणार नव्हतं, आणि मग कुणीही लबाड आत घुसला असता.

“नवी पाठवायची आणि बटण दाबायचं,” मेदिनी म्हणाली.

“आणि नवीनं आपल्यालाच बाहेर ठेवलं तर? पुढचं यान चार महिन्यांनी आहे.” आजोबांनी उभा जन्म अवकाशयानं दुरून सांभाळण्यात घालवला होता, त्यामुळे बटण म्हटलं की ते आधी हात मागे घ्यायचे. नाचणी पाण्यावाचून आठवडाभरही तगली नसती.

आधी त्यांनी बॅकअप (सगळ्या माहितीची वेगळी ठेवलेली प्रत) पृथ्वीवर आणला आणि तो नीट उघडतो का, तेही पाहिलं. मग तसाच संगणक टेबलावर मांडून रंगीत तालीम केली. नव्या प्रणालीनं सुरू होताच बाहेरून आत यायचं दारच बंद केलं. इथं कीबोर्ड जोडून ते उघडता आलं. चंद्रावर कोण जोडणार? ती चूक दुरुस्त झाली, तरी आजोबांचं समाधान होईना.

“जुनी पुसायची नाही, शेजारीच ठेवायची,” ते म्हणाले. “नवी सुरू झाली की सर्व्हर दहा मिनिटं आपल्या निरोपाची वाट पाहील. निरोप आला नाही, तर आपण बाहेरच अडकलोय असं समजून तो आपणहून जुनीवर परत जाईल. निरोपाचा शब्द तू ठरव.”

“पोहोचले,” मेदिनी म्हणाली. ती मावशीकडे गेली की आई हाच निरोप मागायची, आणि मेदिनी दर वेळी विसरायची.

टेबलावर तेही करून पाहिल्यावर शनिवारी सकाळी तिनं बटण दाबलं. तीन मिनिटांनी दार उघडलं, पडद्यावर काचपेटी दिसू लागली, आणि एका रोपाला चक्क कणीस धरलं होतं. मेदिनी मैत्रिणींना फोटो पाठवत बसली. अचानक पडदा काळा झाला.

“गेली माझी नाचणी,” ती रडवेली होऊन म्हणाली.

थोड्या वेळानं जुनी प्रणाली सुरू झाली. नऊही रोपं जागच्या जागी होती. आजोबा घड्याळाकडे बघत हसत होते.

“दहा मिनिटं झाली. निरोप कुणी द्यायचा होता?”

“तुम्ही आठवण का नाही करून दिलीत?”

“परतीची वाट तालमीत चालली होती. चंद्रावरही चालते, हे आज कळलं.”

मेदिनीला त्यांचा रागही आला आणि हायसंही वाटलं. “म्हणजे आपण आत शिरलोय याची खात्री होईपर्यंत जुनं कुलूप टाकायचंच नाही,” ती म्हणाली. कोडं सुटलं होतं.

दुसऱ्या खेपेला दार उघडताच तिनं आधी ‘पोहोचले’ टाइप केलं, मग कणसाकडे पाहिलं. या वेळी पडदा काळा झाला नाही.

“पिकल्यावर ते काढायला कोण जाणार?” आजोबांनी विचारलं.

“मी. आणि पोहोचल्यावर लगेच फोन करीन.”

“हे मला लिहून दे,” दारात उभी असलेली आई म्हणाली.