आठाच्या पाढ्यातली चूक

चाळीस प्लेटी भंगारात! आणि खापर कोणाच्या डोक्यावर? बिचाऱ्या रुपरावच्या. मशीन तोच चालवायचा, मग दुसरा कोण सापडणार?

सुमती देशकर हिंगण्याच्या त्या कारखान्यात पोचली, तेव्हा त्याच्या बडतर्फीचा कागद टाइप होऊन पडला होता. साल चौऱ्याऐंशी, दसरा होऊन आठवडा झालेला. सुमती पॉलिटेक्निकात शिकवायची, प्लेटींना भोकं पाडणारं हे ड्रिलिंग मशीन तिनंच बसवून दिलं होतं. त्यातली स्टेपर मोटर एका विजेच्या पल्सला एकच पाऊल टाकते, आणि ज्यावर प्लेट बांधतात ते टेबल मिलिमीटरच्या दोन शतांशांनी सरकतं.

"संध्याकाळपर्यंत सांगा, मॅडम," मालक ताराचंदशेठ म्हणाले. "एकोणीस वर्षांचा माणूस आहे, पण माल वापस येऊन राहिला. काय करू?"

"डोळे गेले त्याचे," फोरमन देवराव हळहळला. "प्लेट वाकडी बांधते."

"असन, बाई," रुपराव पुटपुटला. "मले आता डोयावर भरोसाच नाही राहिला."

सुमतीनं प्लेटी मोजल्या. पहिलं भोक प्रत्येक प्लेटीवर अचूक. त्याच्या आसपासची भोकंही बरोबर. टेबल लांब सरकल्यानंतरची मात्र मागे पडलेली: आठ शतांश, सोळा, चोवीस, पुन्हा आठ.

"मशीनच्या कंट्रोल बॉक्सची किल्ली कोणाकडे?"

"एक माह्यापाशी, एक देवरावपाशी," शेठ म्हणाले.

"बिघाड कधीपासून?"

"खंडेनवमीच्या आदल्या दिवसापासून," रुपराव म्हणाला.

"शेठजी, तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"रायपूरले. दसऱ्याच्या सकाळी आलो."

"मग नवमीला मशीनची पूजा कोणी केली?"

"मीच केली!" देवरावनं छाती काढली. "एकबी मशीन सोडली नाही."

सुमतीनं बॉक्स उघडला. दारावर हळद-कुंकू. आत वेग ठरवणाऱ्या स्क्रूवर लाल ठिपका. तिनं त्यावर बोट दाबलं, मग बोट रुमालाला पुसलं. मीटर लावून पल्स मोजले आणि तिघांना केबिनमध्ये बोलावलं.

"प्लेट वाकडी बांधली असती तर भोकं तिरपी गेली असती," ती म्हणाली. "आणि हाताची चूक कधी तीन शतांश, कधी अकरा. ही चूक फक्त आठाच्या पाढ्यात! पल्स फार भराभर आले की मोटरला पाऊल टाकायला वेळच मिळत नाही. पकड सुटते, आणि परत मिळते ती नेमकी चार पावलं मागे, किंवा त्याच्या पटीत. चार पावलं म्हणजे आठ शतांश. बॉक्स मात्र समजतो, सगळी पावलं पडली. टेबल थोडंच सरकायचं असेल तर मोटर पुरता वेग घेत नाही, म्हणून जवळची भोकं शाबूत."

"पण वेग वाढवला कोणी?" शेठ कडाडले.

"मी सेकंदाला चारशे पल्स लावून स्क्रूवर पक्क्या लाल रंगाचा ठिपका दिला होता, कोणी स्क्रू फिरवला तर तो फुटावा म्हणून. आज सातशे आहेत." तिनं रुमाल टेबलावर टाकला. "पक्का रंग बोटाला लागत नाही. हे कुंकू आहे. ठिपका फोडला आणि पूजेच्या निमित्तानं त्यावर कुंकू लावलं. कुलूपबंद बॉक्सच्या आत पूजा करणार कोण? ज्याच्याकडे किल्ली, तोच. आणि शेठजी रायपूरला होते."

देवरावनं खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. "माल जास्त निघावा म्हणून केलं, शेठजी. तुमी शाबासकी देल्ली. मंग वेग कमी केला असता तर माल घटला असता, तुमी इचारलं असतं..."

शेठनी कागद टराटरा फाडला. नोकरी वाचली होती, पण रुपराव जागचा हलला नाही.

"देवरावभाऊ," तो म्हणाला, "मी सायकल सोडली. नातीले कडेवर घेनं सोडलं, पाडीन म्हनून. आंधया होऊन राहिलो म्हनून तुमच्यापाशी रडलो गा. तुमी पाठीवर हात फिरवला. तवा तुमले माहीत होतं?"

देवराव वाकून फाटलेल्या कागदाचे तुकडे गोळा करू लागला.

"बोल ना गा!"

"होतं," देवराव म्हणाला.