सपनाबागेचं मुकं दार

"पुन्हा वाढवलं!" कृष्णा तिकीटखिडकीसमोरच ओरडला. "एप्रिलमध्ये वाढवलं, मे महिन्यात वाढवलं, आता जूनमध्ये पुन्हा! हे तिकीट आहे का थर्मामीटरमधला पारा?"

"आपल्याकडे वर्षाचा पास आहे ना? मग आपल्याला काय त्याचं?" उल्का म्हणाली.

"पासवाल्यांनाही वरचे पैसे भरायचेत. वाच ती पाटी!"

खिडकीवर नवी कोरी पाटी लटकत होती. 'आपकी सुरक्षा के लिए विलायती मशीन. पासवाले भी सुरक्षा-शुल्क दें.'

"यार, मेरी तो पूरी कुल्फी गई!" हरलीन कपाळावर हात मारून म्हणाली.

तिघंही चंदीगडच्या एकाच शाळेत आठवीत होती. उल्काचे बाबा हवाई दलात होते. दोन वर्षांपूर्वी त्यांची बदली झाली आणि सगळं घर नागपूरहून इकडे आलं. कृष्णाचे बाबा सेक्टर ३९ मधल्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. हरलीन उल्काची शेजारीण. उल्काच्या घरी सारखं येऊन-जाऊन तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर मात्र हिंदीतच यायचं.

मुल्लानपूरच्या रस्त्यावरची सपनाबाग म्हणजे सुट्टीतला स्वर्ग! उंच पाळणा, होड्या, झुकझुक गाडी, सगळं काही तिथे होतं. पण साल १९८८ होतं. पंजाबात रोज काहीतरी वाईट घडत होतं. रस्त्यारस्त्यांवर पोलिसांचे नाके होते, बसमध्ये 'बेवारस वस्तूला हात लावू नका' अशा सूचना होत्या, आणि संध्याकाळी मुलं घरी यायला जरा उशीर झाला की आया फाटकात येऊन उभ्या राहत. त्यामुळे 'सुरक्षा' हा शब्द ऐकला की लोक मुकाट्याने पाकीट उघडत.

प्रवेशाशी एक लोखंडी चौकट उभी होती. हेच ते विलायती यंत्र! शेजारी टेबल मांडून एक मिशीवाला पहारेकरी बसला होता.

कृष्णा आत शिरला. त्याच्या पिशवीत स्टीलचा भलामोठा डबा होता. यंत्र गप्प!

हरलीन शिरली आणि... ट्रिंग!

"रुको! मशीन बोली है. बैग खोलो," पहारेकरी दरडावून म्हणाला.

हरलीनच्या हातात शिखांचं कडं होतं, एवढंच काय ते लोखंड. पिशवीत कंगवा, रुमाल आणि पाण्याची प्लॅस्टिकची बाटली. तरी त्याने सगळं टेबलावर उपडं केलं. रांगेतली माणसं दोन पावलं मागे सरकली. कुणीतरी आपल्या लेकराला जवळ ओढून घेतलं. हरलीनचं तोंड लालभडक झालं.

उल्काला ते बघवेना. मान वळवावी म्हणून ती बुटाची नाडी बांधायला वाकली आणि वाकल्या वाकल्या थबकलीच! टेबलाखाली जमिनीवर एक पांढरं, गोल बटण होतं. त्यातून निघालेली वायर चौकटीकडे गेली होती, आणि पहारेकऱ्याचा बूट त्या बटणाला टेकलेला होता.

आत पोचताच तिने दोघांना झाडाआड ओढलं. "ते यंत्र वाजत नाही. तो पायाने वाजवतो! आपल्या दारावरच्या घंटीचं बटण आहे ते!"

"काहीतरीच!"

"मग इथे उभा राहा आणि त्याच्या टाचेकडे बघ."

तिघं पॉपकॉर्नच्या गाडीमागून बघत राहिली. टाच खाली गेली की ट्रिंग! टाच वर, की सगळं शांत! हरलीनने ओठ घट्ट मिटले. "मतलब... मुझे उसने खुद रोका. मशीन ने नहीं."

ती तडक व्यवस्थापक भल्लांच्या खोलीत गेली. मागोमाग हे दोघे. भल्ला मोठ्याने हसले. "बेटा, लाखों की मशीन है! लो, टॉफी खाओ."

घरी आईनेही उल्कालाच झापलं. "मोठ्यांच्या कारभारात नाक खुपसू नकोस. आधीच माझ्या जिवाला घोर कमी आहे का?"

"पुरावा हवा," कृष्णा म्हणाला. "पुराव्याशिवाय आपलं कुणी ऐकणार नाही."

पुढच्या रविवारी तो बाबांचा हातभर लांबीचा लोखंडी पाना पिशवीत घालून त्या चौकटीतून गेला. कसलाही आवाज नाही! आत गेल्यावर तो आनंदाने नाचायलाच लागला. "सापडला पुरावा! आता बघू भल्ला काय म्हणतात ते!"

पण उल्काचं लक्ष नव्हतं. ती झुकझुक गाडीच्या छोट्या स्टेशनाकडे बघत होती. तिथल्या बाकाखाली एक खाकी पिशवी होती. जाड कापडाची, फुगलेली, तोंड दोरीने करकचून आवळलेलं.

"ये बैग किसका है?" उल्काने बाकावरच्या बाईंना विचारलं. त्यांनी मान हलवली. गाडीसाठी ताटकळणाऱ्या मुलांना विचारलं, त्यांच्या बापांना विचारलं. ती पिशवी कुणाचीच नव्हती.

तिला कृष्णाचा पाना आठवला. त्या दारातून कुणीही, काहीही आत आणू शकत होतं. आणि ही गोष्ट इथल्या शेकडो माणसांपैकी कुणालाच ठाऊक नव्हती!

कृष्णा पळत जाऊन पहारेकऱ्याला घेऊन आला. "अरे, मशीन से पास होकर आया है. हटाता हूँ," असं म्हणत तो खाली वाकलासुद्धा.

"हाथ मत लगाइए!" उल्का किंचाळली. मग त्याच्या डोळ्यांत बघत हळूच म्हणाली, "मशीन कुछ नहीं पकड़ती. आपको पता है."

पहारेकऱ्याचा हात तसाच हवेत राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "स... साहब से पूछो," एवढंच तो कसाबसा म्हणाला आणि मागे सरकला.

तिघं भल्लांच्या खोलीकडे धावली. ते ऐकून भल्ला मात्र भडकले. "संडे की भीड़ है! बम का नाम लिया तो लोग एक-दूसरे को कुचल देंगे. और फिर सब पैसे वापस माँगेंगे! चलो, भागो यहाँ से!" धाडकन दार लागलं.

उल्का विचार करू लागली. त्यांच्या बोलण्यातली एक गोष्ट मात्र खरी होती. फाटक अरुंद होतं. लोक घाबरून धावले, तर लहान मुलं पायाखाली तुडवली जातील.

"न घाबरवता लोकांना बाहेर काढायचं कसं?" ती पुटपुटली.

हरलीनचे डोळे एकदम चमकले. "पैसे! इन्होंने खुद बोला ना? लोग पैसे वापस माँगेंगे!"

"शाब्बास!" उल्काने तिचा हात दाबला. "तू घोषणांच्या माइकवर जा. कृष्णा, तू रस्त्यावरच्या नाक्यावर पळ, पोलिसांना आण. मी स्टेशनापाशी मुलांना लांब ठेवते."

"एकटी?" कृष्णाने विचारलं.

"जा रे लवकर!"

हरलीन माइकच्या खोलीत घुसली ती रडत रडतच. "अंकल, मेरा छोटा भाई खो गया!" तिथल्या माणसाने घाईघाईने माइक तिच्यापुढे केला. आणि मग सगळ्या बागेत तिचा गोड, ठसठशीत आवाज घुमला. "ध्यान दीजिए! सपनाबाग टिकट के बढ़े हुए पैसे वापस कर रही है! सब लोग आराम से गेट के बाहर आ जाएँ. जल्दी की ज़रूरत नहीं, पैसे सबको मिलेंगे!"

काय ती जादू! पाळण्याची रांग मोडली. होडीवाले काठाला लागले. आजोबा नातवंडांना घेऊन हसत हसत फाटकाकडे निघाले. बाक रिकामा झाला, स्टेशन रिकामं झालं.

इतक्यात शिट्टी वाजली. झुकझुक गाडी परत येत होती! तिचे डबे चिमुरड्यांनी गच्च भरले होते आणि ती थांबणार होती नेमकी त्या बाकासमोर!

उल्काने मागचापुढचा विचार केला नाही. ती रुळांवरून गाडीच्या दिशेने धावत सुटली आणि दोन्ही हात पसरून मधोमध उभी राहिली. "रोको! रोको!"

करकर करत गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. "पागल है क्या लड़की?" चालक ओरडला.

"अंकल, आगे मत जाइए. बच्चों को पीछे से उतारिए. चुपचाप!" तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की तो चटकन खाली उतरला. त्याने एकेकाला उचलून खाली घेतलं. मुलांची साखळी करून उल्का त्यांना लांबच्या वाटेने फाटकाबाहेर घेऊन गेली.

तोवर कृष्णाच्या मागोमाग पोलिसांची जीप धडकली होती. इन्स्पेक्टर सरोज खाली उतरल्या. त्यांनी लोकांना रस्त्यापलीकडे नेलं. जाड अंगरखा घातलेला बॉम्बतज्ज्ञ आला आणि एकटाच आत गेला.

आता लोकांना कळलं. आया मुलांना छातीशी धरून उभ्या होत्या. हरलीनने उल्काचा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखू लागली. वेळ जाता जाईना.

शेवटी तो माणूस बाहेर आला. त्याच्या हातात एक भलामोठा प्रेशर कुकर होता. "मॅडम, राजमा है!"

"हाय रब्बा, मेरा कुकर!" गर्दीतून एक बाई धावली. "अंदर सब इतना महँगा, तो घर से लाई थी! रखकर झूले पर चली गई थी!"

हशाचा स्फोट झाला. भल्ला पुढे झाले. "देखा मॅडम? इन बच्चों ने तमाशा कर दिया! मेरा कितना नुकसान हुआ!"

पण सरोज हसत नव्हत्या. "भल्लाजी, इतना बड़ा कुकर आपकी मशीन से निकला कैसे?"

"मी सांगते!" घाईत उल्का मराठीतच बोलून गेली. मग सावरून तिने हिंदीत सगळं सांगितलं. टेबलाखालचं बटण, टाच, वायर, काही लपवलं नाही. कृष्णाने पिशवीतून पाना काढून दाखवला.

सरोज ताडताड चालत चौकटीतून पलीकडे गेल्या, परत आल्या. त्यांच्या कमरेला भरलेलं रिव्हॉल्व्हर होतं. यंत्र मुकं ते मुकंच!

पहारेकऱ्याने हात जोडले. "साहब ने कहा था. बीच-बीच में बजाओ, जिस पर लोगों को शक हो उस पर बजाओ. लोग डरेंगे तो पैसे देंगे."

मागच्या वेळी रांगेत मागे सरकलेल्यांपैकी काहीजण आजही आले होते; ते आता हरलीनकडे बघायला धजत नव्हते.

"डर बेचते हो?" सरोजचा आवाज चाबकासारखा आला. "थाने चलो. लेकिन उससे पहले खिड़की खोलो. बच्ची ने जो कहा है, वह पूरा होगा. बढ़ा हुआ एक-एक पैसा वापस!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! भल्लांनी खिडकी उघडली आणि लोकांनी शिस्तीत रांग लावली.

बातमी कळताच उल्काची आई रिक्षाने धावत आली. सरोज तिला म्हणाल्या, "आपकी बेटी रेल के सामने खड़ी हो गई. डाँटिए ज़रूर, लेकिन शाबाशी के बाद!" मग त्यांनी कृष्णाची पाठ थोपटली आणि हरलीनकडे वळल्या. "माइक पर झूठ बोला तुमने?"

"जी," हरलीन मान खाली घालून म्हणाली.

"किसी को खरोंच तक नहीं आई. ऐसी भीड़ मैं भी नहीं सँभाल पाती." आणि सगळ्यांसमोर ताठ उभं राहून इन्स्पेक्टर सरोजनी हरलीनला कडक सलाम ठोकला!

हरलीनने मान वर केली. आईने उल्काला घट्ट जवळ घेतलं, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "चुकलंच माझं. मी तुझं ऐकायला हवं होतं."