तिसरा बॉक्स

सिंदेवाहीपलीकडच्या एका गावात झाडीपट्टीच्या नाटकाचा मंडप उभा राहत होता. दुपारचे चार वाजले होते आणि लोकेश ऑर्गनच्या मशीनला, म्हणजे अँप्लिफायरला, स्पीकरचे बॉक्स जोडत बसला होता. साउंडवाले पुष्कळ, पण मशीन सुरू करण्याआधी रोध मोजायचं मीटर लावणारा हाच एकटा, आणि हे तोच सगळ्यांना सांगत फिरे. त्याचा हिशेब पक्का होता. आठ ओमचा बॉक्स मीटरवर सहा दाखवतो, दोन जोडले की तीन. तीनच्या खाली गेलं की मशीन जळालंच म्हणून समजा.

त्या दिवशी मशीन जळून चालणार नव्हतं. ऑर्गनवर पहिल्यांदाच दीपिका बसणार होती. तिचे वडील सुकलूभाऊ वीस वर्षं याच मंडळीत वाजवायचे, ते मागच्या पावसाळ्यात गेले. प्रयोग फसला तर दुसरा ऑर्गनवाला आणू, असं मंडळीच्या मालकाने तिला तोंडावर सांगितलं होतं.

लोकेशने दोन्ही बॉक्स लोकांकडे तोंड करून ठेवले आणि मीटर लावलं. मीटरने दोन दाखवलं. एवढं कमी तर तीन बॉक्स असले तरच येतं.

त्याने वायर बदलली, पिना घासल्या, मीटरमध्ये नवी बॅटरी टाकली. आकडा हलेना. जमीन ठणठणीत कोरडी होती, तरी ओल्या मातीचा वास येऊ लागला.

"भाऊ," दीपिका हळूच म्हणाली, "बाचा बॉक्स..."

"तो तं तुमीच ठेवला ना... त्याइच्या मातीवर."

तिच्या घरी गेलेल्या माणसाची वापरातली वस्तू त्याच्या मातीवर, म्हणजे त्याला पुरलं त्या जागेवर, ठेवायची रीत होती. सुकलूभाऊंना कमी ऐकू यायचं. एक बॉक्स लोकांकडे आणि एक स्वतःच्या उजव्या गुडघ्याशी, अशीच त्यांची मांडणी असे.

"मंग बा आयकून राह्यला असन," ती म्हणाली.

लोकेश डगमगणारा गडी नव्हता. त्याने एक बॉक्स काढून टेम्पोत टाकला आणि पुन्हा मीटर लावलं. बरोबर तीन आलं: एक बॉक्स इथला, एक सुकलूभाऊंचा.

"जमलं. आता बिनधास्त वाजव. मशीनले काई होत नाई."

आणि खरंच काही झालं नाही. दीपिकाने मंडप डोलवला. "उद्याचाही पाहतो, मंग ठरवतो," एवढं मालकाच्या तोंडून निघालं.

सकाळी पुढच्या गावी जाताना लोकेशने तिच्या गावाजवळ टेम्पो थांबवला. सुकलूभाऊंना नमस्कार करावा, असं त्याला मनापासून वाटलं. सागाच्या गार सावलीत पाच-सहा जणांच्या माती होत्या. एकीवर बॉक्स होता. त्याला वायर नव्हती. सगळीकडे पानांचा थर होता, फक्त बॉक्सची जाळी स्वच्छ होती. त्याने हात लावला. जाळी कोमट लागली.

सवयीने त्याने मीटर काढलं. एकट्या बॉक्सचे सहा यायला हवे होते.

तीन आलं.

लोकेशने भोवतालच्या मातींकडे पाहिलं. काल एकटे सुकलूभाऊ ऐकत होते, आज शेजारचंही कुणी ऐकायला बसलं होतं. मशीनला दोनच बॉक्स पेलतात, आणि ते दोन इथेच भरले होते. संध्याकाळी दीपिकाचा प्रयोग होता, आणि लोकांकडे तोंड करून ठेवायला आता एकाही बॉक्सची जागा उरली नव्हती.