एक मीटरच्या खाली

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलं आहे. माझ्या सख्ख्या मामीच्या घरात. आणि माझी मामी खोटं बोलणारी बाई नाही, भांडणारी बाई आहे.

दोन्हीत फरक असतो.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही दिवसाढवळ्याची आहे, कारण आमच्या सुगिनोसावा वाडीत तेव्हा रात्री थांबायला कुणालाच परवानगी नव्हती. फुकुशिमाची अणुभट्टी फुटली, वाडी उठवली, त्याला पाच-सहा वर्षं झाली होती. सकाळी यायचं, आपल्याच घराची झाडलोट करायची, आणि दुपार कलायच्या आत फाटकाबाहेर.

नोव्हेंबर होता. ऊन कोवळं. परसातल्या झाडाला पर्सिमनची केशरी फळं लगडलेली... आणि खायला मनाई.


एक मीटर

कियोएमामी ओसरीच्या फळ्यांवर बसली होती. समोर किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र घेऊन मोजणीवाला उभा. निइत्सुमा नाव त्याचं. तिशीचा, नम्र, पांढरे मोजे घातलेला.

"काकू, आनंदाची बातमी. ०.१९ आलं. मर्यादा ०.२३. तुमचं घर स्वच्छ."

"कुठं मोजलंस?"

"अंगणात, ओसरीवर, आतल्या खोल्यांत."

"ते दिसलं मला. किती उंचीवर?"

"एक मीटर. नियमच आहे, काकू."

मामीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. ती बसलेली. तिचं डोकं त्याच्या यंत्राच्याही खाली होतं.

"या घरात एक मीटरवर कोण राहतं रे? माश्या?"

तो कसनुसं हसला. "लहान मुलांच्या शाळेत आम्ही पन्नास सेंटीमीटरवर मोजतो."

"आणि घरात?"

"घर म्हणजे शाळा नाही ना."

"आम्ही जमिनीवर झोपतो. जमिनीवर जेवतो. माझी नात रांगायला लागली आहे!"

"आकडा वरून ठरतो, काकू. माणूस रोज आठ तास बाहेर, सोळा तास घरात, असं धरून..."

"कोण हा माणूस? नाव काय त्याचं? माझी सासू पहाटे शेतात जायची ती दिवेलागणीला यायची. आठ तास म्हणे! बोलाव त्याला. चहा पाजते. वर परसातले पर्सिमन देते."

मामी उगाच चिडली नव्हती. हा आकडा एकदा कार्यालयात गेला की वसंतात वाडी खुली होणार. वाडी खुली झाली की विस्थापितांच्या फुकट खोल्या बंद. मग मामीचा मुलगा योशिहितो, सून चिअकी आणि तान्ही सुझुना जाणार कुठे? इथेच. या फळ्यांवर.

आणि सफाई काय झाली होती? माणसांनी छपराचं एकेक कौल कागदी फडक्याने पुसलं. अंगणातली माती खरवडून काळ्या पोत्यांत भरली. आतलं घर मात्र तसंच. आतलं तुमचं तुम्ही पुसा.

आणि वर्षानुवर्षं आत पाऊस गळत होता.

"मग माझ्यासमोर खाली धर ते यंत्र," मामी म्हणाली. "जमिनीला टेकव."

"त्याची नोंद नाही करता येत."

"नोंद कर म्हटलं का मी? धर म्हटलं."

तो काहीतरी बोलणार होता...

सर्र...


त्याच्या खाली

आवाज आतल्या बोळातून आला.

निइत्सुमा वळला. "आत कुणी आहे?"

"नाही."

सर्र... क्षणभर शांत. सर्र...

मामीच्या तोंडचं पाणी पळालं.

तो आवाज तिने लग्न होऊन आल्यापासून रोज पहाटे ऐकला होता. ओल्या फडक्याची चौकोनी घडी. त्यावर दोन्ही तळवे. गुडघे टेकून, ओणवं होऊन, बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

तोमे. मामीची सासू, माझी आजी. भातलावणीने कंबर अशी वाकलेली की शेवटी शेवटी तिला सरळ उभंच राहता येईना. पण पुसणं थांबलं नाही. विस्थापितांच्या खोलीत, चौथ्या हिवाळ्यात, मरायला टेकली तेव्हाही तिचा हात पांघरुणावर फिरत होता.

पुढे... मागे... पुढे...

त्या खोलीतच ती गेली.

आता बोळाच्या तोंडाशी फळ्यांवर एक ओला पट्टा उमटला. फडक्याच्या घडीएवढा रुंद. पुढे सरकत. त्याच्यामागे कुणी नाही. पुढे कुणी नाही.

आणि त्या घराचं पाणी भट्टी फुटली तेव्हापासून तोडलेलं होतं.

निइत्सुमाला पट्टा दिसला की नाही, मामीला आजही सांगता येत नाही. कारण त्याच क्षणी त्याचा हात खाली गेला.

वाकला नाही तो. हातच गेला. बाजारात म्हातारी नातवाची बाही धरून ओढते, तसा.

"काकू... काकू, हे..."

यंत्राचा आवाज बदलला.

०.१९

०.३४

०.८

तो गुडघ्यावर आला. हात अजून खाली. जिथे छप्पर गळायचं तिथे, दोन फळ्यांच्या सांध्यावर, यंत्राचं तोंड जाऊन टेकलं.

१.४

यंत्र किंचाळत होतं. दोघांपैकी कुणी हललं नाही.

मग हात सुटला.

त्याच्या मनगटावर पाच ओल्या बोटांचे ठसे होते. त्याने ते घाईघाईने पँटला पुसले, उठला, आणि... हे मी मामीकडून दहादा ऐकलंय, दहाही वेळा ती इथे येऊन दातओठ खाते... त्याने खिशातून पेन काढलं.

"काय लिहिलंस?"

"०.१९."

"आणि हे? आत्ता दिसलं ते? डोळे फुटले का तुझे?"

आवाज तसाच नम्र.

"याला रकानाच नाही, काकू."

मामीने पायातली सपात काढून फेकून मारली. लागली नाही.

बोळात पुसणं चालूच होतं.


वर

वसंतात वाडी खुली झाली. फीत कापली. टाळ्या वाजल्या.

"आई, किती दिवस चिडून बसणार?" योशिहितो म्हणाला. "०.१९ आहे. मर्यादेच्या आत."

मामीने त्याला सगळं सांगितलं.

"आजी मेली, आई."

"मला सांगतोस? मीच तर तोंडात पाणी घातलं तिच्या."

खोली रिकामी करायची तारीख दारावर चिकटवली होती. ते आले. मामीने त्याआधी सगळं घर धुतलं, नव्या गवती चटया घातल्या, गळक्या जागेवर फळी ठोकली.

पहिले काही दिवस शांत गेले.

मग एका सकाळी सुझुना चटईवरून नाहीशी झाली.

सापडली ती कपड्यांच्या कपाटावर. उंच कपाटावर, बसलेली, हसत. खाली घडी घातलेलं फडकं.

ओलं.

"सासूबाई, तुम्ही ठेवलंत तिला वर?" चिअकीने तिला खाली घेत विचारलं.

"मला वेड लागलंय का?"

"मग कुणी ठेवलं?"

मामीने भांडण सोडून फडकं उचललं. आयुष्यात पहिल्यांदा.

दुसऱ्यांदा ती पितरांच्या देव्हाऱ्याच्या माथ्यावर सापडली. त्या दिवशी सासू-सून एकमेकींशी बोलल्याच नाहीत. दोघींनाही वाटत होतं, हिचंच काम.

तिसऱ्यांदा दोघी खोलीत होत्या. भर सकाळ. दारं उघडी. चिअकी चादर झटकत होती, मामी मुळा किसत होती. सुझुना मध्ये चटईवर.

सर्र...

दोघींनी एकदम मान वळवली.

चटई रिकामी.

कपाटावर नव्हती. देव्हाऱ्यावर नव्हती.

ती खोलीच्या मध्यावर होती.

हवेत.

पालथी. हात पुढे, गुडघे मागे... रांगत होती. खाली काही नसताना. एक हात, एक गुडघा. एक हात, एक गुडघा. तोंडातून लाळ गळत होती, ती खाली चटईवर टपटपत होती.

आणि तिच्या पोटाखाली, चटईवर, ओला पट्टा मागेपुढे होत होता.

चिअकी किंचाळली. मामी मात्र भडकली. भीती नंतर आली, असं ती म्हणते, आधी राग आला. मेलेल्यांचा, जिवंतांचा, सगळ्यांचा.

"सासूबाई!" ती ओरडली. "काय मांडलंय हे? पोर पडली तर? खाली ठेवा तिला आधी!"

पट्टा थांबला.

सुझुना हळूहळू खाली येऊ लागली. चटईच्या दिशेने...

मामीच्या डोळ्यांसमोर तो फळ्यांचा सांधा आला. तो आकडा आला.

"नाही! नाही, खाली नका ठेवू!" आता ती रडत होती. "माझ्याकडे द्या. सासूबाई, माझ्या हातात द्या."

हात पुढे करून ती उभी राहिली.

पोर हातांत आली. अलगद. कुणीतरी दिल्यासारखी.

तिच्या अंगरख्याच्या दोन्ही बगलांत तळव्यांएवढे ओले डाग होते.

त्याच संध्याकाळी योशिहितोने गाडी भरली. आईकडे न बघता. कोरियामा शहरात चिअकीच्या बहिणीकडे दाटीवाटीने राहू, म्हणाला.

मामीने कार्यालयाला फोन केला. घरात रांगतं मूल असतं, पुन्हा मोजा. दुसरा माणूस आला. सरळ उभा राहिला, यंत्र सरळ धरलं.

०.१७. अभिनंदन, काकू.

त्याला काही दिसलं नाही. ऐकूही आलं नाही. निदान चेहरा तरी तसाच होता.

सुझुना त्यानंतर कधीच रांगली नाही. जमिनीवर सोडली की पाय पोटाशी घेऊन रडायची. मग एक दिवस भिंतीला धरून थेट उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, काही मुलं अशी असतात.

असतील.

गेल्या रविवारी मी मामीकडे गेले होते. शेजारची सगळी घरं बंद. अंगणात नवीन माती, तिच्यावर साधं गवतही नीट धरत नाही.

"भीती नाही वाटत इथे एकटीला?"

"वाटते ना. पण जाऊ कुठे? घर स्वच्छ आहे म्हणतात. स्वच्छ घराच्या मालकिणीला दुसरी खोली कोण देणार?" किटलीत पाणी ओतता ओतता ती म्हणाली. मग आतल्या बोळाकडे तोंड करून ओरडली, "पुसा, पुसा! तुम्हीच पुसा! ज्यांनी सांडलं ते यायचे नाहीत!"

मी हसले.

मग आतून आवाज आला... सर्र...

मामी माझ्यासमोर होती. तिचे दोन्ही हात किटलीवर होते.

तिने चटईवर माझ्यासाठी उशी टाकली, चहाचा पेला ठेवला.

"बस ना गं. एवढ्या लांबून आलीस."

चहा मी उभ्यानेच प्यायले.

मामीने पुन्हा आग्रह केला नाही.